गाडी वळणात रेषा सोडते? आधी बुश बघा

दोन पावसाळ्यांपूर्वी कराडहून चिपळूणला येताना कुंभार्ली घाट उतरत होतो. माझी गाडी छोटी हॅचबॅक, मीटरवर ६८ हजार किलोमीटर. वळणाआधी ब्रेक लावला की गाडीचं नाक किंचित डावीकडे जायचं आणि ब्रेक सोडला की आपोआप सरळ व्हायचं. स्टिअरिंग मी हलवलेलं नसायचं. मागच्या सीटवर आई होती. गाडीच्या यंत्रातलं तिला काही कळत नाही, पण तीही म्हणाली, "आज गाडी अशी डुलतेय का रे?"

घरी आल्यावर एका दुकानात विचारलं. तिथे रुंद टायर आणि कडक स्प्रिंगा घालायला सांगितलं, म्हणजे गाडी "रस्त्याला चिकटून" चालेल. आकडा ऐकून मी थांबलो आणि बरं झालं थांबलो. ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) घेतली, खालच्या आर्मच्या, म्हणजे चाक सांगाड्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी हाताच्या, फटीत टॉमी (लांब पहार) घातली, जरासा जोर दिला. आर्म चांगला बोटभर सरकला. "शॉकअप चांगले आहेत हो तुमचे. बुश संपलाय," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर मी हा विषय मनावर घेतला. गाडीचं "हँडलिंग" सुधारायला लोक पन्नास हजार सहज घालवतात, आणि हरवलेलं हँडलिंग काही शे रुपयांच्या रबरी बुशमध्ये बसलेलं असतं. हे रबर नेमकं काय करतं ते एकदा समजलं की गॅरेजमध्ये कोणता प्रश्न विचारायचा तेही समजतं.

बुश म्हणजे काय

एक छोटी लोखंडी नळी, तिच्याभोवती एक मोठी नळी, आणि दोन्हींच्या मध्ये भरलेलं रबर. रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच उष्णता आणि दाब देऊन कायमचं चिकटवलेलं असतं. बाहेरची नळी आर्मच्या भोकात दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो गाडीच्या सांगाड्याला आवळला जातो.

आता चाक खड्ड्यात गेलं की आर्म वर-खाली होतो. अनेकांना वाटतं की बुश तेव्हा दाराच्या बिजागरीसारखा फिरतो. बिजागरीत लोखंडावर लोखंड घासतं, म्हणून तिला तेल लागतं. बुशमध्ये काहीच घासत नाही. आतली नळी बोल्टने घट्ट धरलेली, बाहेरची आर्ममध्ये घट्ट बसलेली, आणि मधलं रबर ओला पंचा पिळावा तसं पिळलं जातं. चाक खाली आलं की रबर उलगडतं. त्यामुळे बुश सांधा तर असतोच, शिवाय ती एक छोटी स्प्रिंगही असते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट यातूनच निघते.

रबर मुळात घातलं कशासाठी? लोखंडाला लोखंड थेट जोडलं असतं तर रस्त्याची प्रत्येक खडी केबिनमध्ये ऐकू आली असती आणि सांगाड्याला तडे गेले असते. रबर हा मार गिळतं. पण ते फार मऊ असेल तर चाक जागेवर राहत नाही. या ओढाताणीतून अभियंत्यांनी एक सुंदर तोड काढली आहे: बुश एका दिशेला कडक आणि दुसऱ्या दिशेला मऊ करायचा.

स्विफ्ट घ्या, टियागो घ्या, आय ट्वेंटी घ्या, पुढची रचना साधारण एकच: मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याचं नाव या रचनेला मिळालं आहे. वर शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली इंग्रजी एल अक्षरासारखा लोअर आर्म. आर्मच्या एका टोकाला, चाकाच्या बाजूला, बॉल जॉइंट, म्हणजे वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा. दुसरीकडे सांगाड्याला जोडणारे दोन बुश. पुढचा बुश बहुधा लहान आणि कडक असतो. वळणात चाक आत-बाहेर सरकू नये हे त्याचं काम. मागचा बुश मोठा असतो आणि त्याच्या रबरात मुद्दाम खाचा ठेवलेल्या असतात. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळलं की ते क्षणभर मागे जाऊ शकावं म्हणून ही जागा.

या खाचांवरून एक गैरसमज होतो. मोबाइलचा दिवा लावून गाडीखाली बघणाऱ्याला त्या खाचा दिसतात आणि वाटतं, रबर फाटलं. खाच सरळ, गुळगुळीत आणि दोन्ही बाजूंच्या बुशमध्ये सारख्याच आकाराची असते. फाटलेल्या रबराची कड खडबडीत असते, भेग खाचेच्या कोपऱ्यातून सुरू होऊन नळीपर्यंत जाते, आणि टॉमी लावल्यावर तिचं तोंड उघडतं. वरच्या वर दिसणाऱ्या बारीक सुरकुत्या म्हणजे वय. त्या दिसल्या म्हणून लगेच बुश बदलायची गरज नसते.

ब्रेक लावल्यावर गाडी का ओढते

साधा हिशेब करू. गाडी माणसांसकट हजार किलोची धरा. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला तर टायरवर मिळून सुमारे आठशे किलोचा रेटा मागच्या दिशेने येतो. वजन पुढे झुकल्यामुळे त्यातला सत्तर टक्क्यांच्या आसपास पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे एका पुढच्या चाकाला पावणेतीनशे किलो मागे ढकलतात, आणि चाक जागेवर धरून ठेवायची मुख्य जबाबदारी आर्मवर आणि त्या दोन रबरांवर असते.

मागचा बुश फाटलेला असेल तर आर्म पुढच्या बुशभोवती फिरतो आणि चाक मागे सरकतं. पण त्याच चाकाला स्टिअरिंगचा टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, जोडलेला आहे, आणि तो आपल्या जागेवरच आहे. चाकाचा एक भाग सरकला, दुसरा धरलेला राहिला, म्हणजे चाक वळलं. स्टिअरिंग तुमच्या हातात स्थिर असताना चाक वळलं! डाव्या-उजव्या बाजूचे बुश सारखे झिजलेले नसतात, म्हणून गाडी एका बाजूला जाते. ब्रेक सोडला की आर्म परत पुढे येतो आणि नाक सरळ होतं. घाटात मला जे जाणवत होतं ते हेच होतं.

कोणता भाग गेला ते आवाजावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. ब्रेक लावताना किंवा रिव्हर्समधून पहिल्यात टाकून क्लच सोडताना एकच जाड "ढप्" आला तर संशय लोअर आर्मच्या बुशवर. हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर डब्यात खडे घालून हलवावेत तशी सतत टकटक आली तर बहुतेक वेळा स्टॅबिलायझरचा (वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या बारचा) लिंक रॉड असतो, तो स्वस्तातला भाग. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा "कट्ट" आवाज शॉकअपच्या वरच्या माउंटिंगचा. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावत राहिली किंवा शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर शॉकअप गेला.

बॉल जॉइंटबद्दल मात्र घाई करा. तो ढिला होऊन सांध्यातून निसटला तर चाक आडवं होतं आणि गाडी जागेवर बसते. बुश फाटला तर गाडी वाईट चालते, पण चालते. बॉल जॉइंटची गोष्ट तशी नाही. गाडी पिटवर असताना हा तपासून घ्यायलाच सांगा.

रबर कशाने मरतं

खड्डे हे पहिलं कारण, ते आपल्याला कोणी सांगायला नको. दुसरं कारण उष्णता आणि हवेतला ओझोन. ताणलेल्या रबराला ओझोन हळूहळू चिरत जातो. तिसरं कारण मात्र आपण स्वतः, हाताने, पैसे देऊन ओढवून घेतो. पावसाळ्याआधी गंज लागू नये म्हणून गाडीच्या खालून डिझेल आणि जुन्या इंजिन ऑइलचा फवारा मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. कोकणात तर फारच. पत्र्याला त्याचा थोडा उपयोग होतही असेल. पण बुशमधलं रबर बहुधा नैसर्गिक रबरावर बेतलेलं असतं आणि खनिज तेल त्याचं वैरी आहे. तेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं, लोखंडाला धरलेली पकड सुटते. गंजाविरुद्ध काही करायचंच असेल तर पत्र्यावर लावायचं अंडरकोटिंग मिळतं, तेही रबराचे भाग झाकून लावून घ्यावं.

इंजिनचं किंवा गिअरबॉक्सचं तेल गळत असेल आणि ते थेट आर्मवर ठिबकत असेल तर नवा बुशही टिकणार नाही. आधी गळती बंद करा.

बदलताना

नुसता बुश बदलायचा की पूर्ण लोअर आर्म? अनेक गाड्यांत बॉल जॉइंट आर्मवरच कायमचा बसवलेला असतो. गाडी साठ-सत्तर हजार चालली असेल आणि बॉल जॉइंटही मूळचाच असेल, तर पूर्ण आर्म घेणं शहाणपणाचं. मजुरी तीच आणि बुश दाबून काढायच्या-बसवायच्या प्रेसची कटकट वाचते. बॉल जॉइंट अलीकडेच बदललेला असेल तर बुश पुरे. बुश शेकड्यात मिळतो, आर्म हजारांत. मात्र अगदी स्वस्त, नाव-गाव नसलेला आर्म घेण्यापेक्षा मूळ आर्ममध्ये चांगल्या प्रतीचा बुश बसवलेला बरा, असं माझं मत आहे. त्या स्वस्त आर्मचं रबर वर्षभरात पोपडे टाकताना मी पाहिलं आहे. आणि काहीही बदला, दोन्ही बाजूंचं एकदम बदला. एक नवा, एक म्हातारा असला तर ब्रेक लावताना गाडी पुन्हा एकीकडे जाणारच.

जुना बुश काढायला हायड्रॉलिक प्रेस हवा. काही ठिकाणी गॅसने रबर जाळून काढतात किंवा हातोड्याने ठोकून. जळत्या रबराचा धूर वाईट, आणि तापवून-ठोकून आर्मच्या भोकाचा गोलपणा जातो. गावात प्रेस नसेल तर आर्म काढून लेथवाल्याकडे न्या, त्याच्याकडे बहुधा असतो. जुना बुश निघण्याआधी खाच कोणत्या दिशेला होती त्याची खूण आर्मवर करून ठेवायला सांगा. नवा बुश फिरून बसला, तर जिथे कडक हवा तिथे तो मऊ होतो आणि गाडी पहिल्यापेक्षा वाईट चालते. बसवताना ओलावा लागलाच तर साबणाचं पाणी. ग्रीस नको, ऑइल तर नकोच.

किनाऱ्याकडच्या गाड्यांत खाऱ्या हवेने बोल्ट आतल्या नळीला गंजून धरलेला सापडतो. अशा वेळी तो ओढून-ताणून परत वापरू नये, नवा बोल्ट घ्यावा. घरी काम करणार असाल तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नका. घोडी, म्हणजे गाडीचं वजन पेलणारे स्टँड, लावा, चाकांना ठोकळे लावा.

मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आता आठवा: बुश ही पिळणारी स्प्रिंग आहे. गाडी जॅकवर असते तेव्हा चाकं खाली लोंबतात आणि आर्म खालच्या टोकाला असतो. बहुतेक गॅरेजमध्ये याच अवस्थेत बोल्ट करकचून आवळतात. म्हणजे रबराची "विश्रांतीची" जागा लोंबणाऱ्या चाकाशी बांधली गेली. गाडी जमिनीवर आली की आर्म वर जातो आणि रबर पिळलेल्या अवस्थेत कायमचं अडकतं, गाडी उभी असतानासुद्धा. त्यावर खड्ड्याचा पीळ आणखी चढतो. असा बुश काही महिन्यांत फाटतो, आणि मग आपण म्हणतो की पार्ट डुप्लिकेट निघाला.

योग्य रीत अशी: जॅकवर असताना बोल्ट नुसते हाताने लागतील एवढेच लावायचे. मग गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा बोनेट दाबून सस्पेन्शन बसू द्यायचं, आणि वजन चाकांवर असतानाच टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर आवळायचं. पिट असेल तर सोपं. नसेल तर माझी युक्ती सांगतो. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या, रॅम्पवर गाडी चाकांवरच उभी असते आणि खालून हात पोचतो. अलाइनमेंटचं दुकान गॅरेजला लागून असेल, तर शेवटचं आवळणं तिथेच करून घ्या. दूर असेल तर अर्धवट बोल्टवर गाडी चालवून नेऊ नका. गॅरेजमध्येच पुढची दोन चाकं सारख्या उंचीच्या भक्कम फळ्यांवर उतरवा आणि तिथे आवळा.

मिस्त्रींना हे कसं सांगायचं हा प्रश्न असतो. त्यांना शिकवल्यासारखं वाटू नये. मी एवढंच म्हणालो, "दादा, शेवटचे बोल्ट गाडी खाली उतरवून आवळूया का? मी थांबतो." त्यांनी लगेच मान डोलावली.

मागचे बुश सगळेच विसरतात. बहुतेक छोट्या गाड्यांच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा आडवा तुळईसारखा भाग, असतो आणि तो दोन मोठ्या बुशवर सांगाड्याला जोडलेला असतो. हे आवाज फार करत नाहीत. पण ते गेले की वळणात मागचा भाग अर्धा क्षण उशिरा येतो, शेपटी हलल्यासारखा. इथेही बुश कोणत्या कोनात बसतो त्याला महत्त्व आहे.

मग अलाइनमेंट

क्रम चुकवू नका. बुश आधी, अलाइनमेंट नंतर. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट रॅम्पवरून उतरेपर्यंतच खरं असतं.

टो, म्हणजे वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते माप. एक चाक १ अंशाने चुकलेलं असेल तर प्रत्येक किलोमीटरला ते जवळपास साडेसतरा मीटर आडवं घासत जातं. चिपळूण ते कराड शंभरेक किलोमीटर धरलं तर पावणेदोन किलोमीटर आडवं! नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने गुळगुळीत होतात ते असे. छापील रिपोर्ट मागून घ्या. छोट्या गाड्यांत पुढचा टो फिरवता येतो, पण कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा बाजूने दिसणारा कल) बहुधा फिरवता येत नाहीत. म्हणून एका बाजूचा कॅम्बर वेगळाच दिसला तर "हे सेट होत नाही" असं ऐकून परत येऊ नका. आर्म वाकलाय का, स्ट्रट वाकलाय का, ते बघायला लावा.

आणि सुधारणा करायचीच असेल तर

एवढं झाल्यावर गाडी नवी असताना जशी चालायची तशी चालू लागते, आणि बहुतेकांची हौस तिथेच फिटते. त्यापुढे जायचं असेल तर माझा क्रम टायरपासून सुरू होतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेली हवा, थंड टायरमध्ये मोजलेली. मग टायरचं वय. कडेवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाचा शिल्लक असल्या तरी सात-आठ वर्षांचं कडक झालेलं रबर ओल्या घाटात धरत नाही.

टायरचा आकार बदलताना बाहेरचा व्यास जुळवा. स्विफ्टच्या वेगवेगळ्या व्हेरिएंटमध्ये १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ हे दोन्ही आकार आलेले आहेत (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, तिसरा रिमचा व्यास इंचांत). हिशेब केला तर पहिल्याचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२१-६२२. कंपनीनेच मान्य केलेला मोठा आकार हा सगळ्यात निर्धोक बदल. त्यानंतर चांगले शॉकअप, चारही.

पॉलियुरेथेन या रबरासारख्या प्लास्टिकचे बुश हल्ली खूप विकले जातात. रबरापेक्षा ते बरेच कडक असतात. पण ते नळीला चिकटवलेले नसतात, नळी त्यांच्यात फिरते. म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर ते कुरकुरतात. स्टॅबिलायझर बारला सांगाड्याशी धरणाऱ्या बुशसाठी मला ते योग्य वाटतात, कारण तिथे बार फक्त फिरतो. लोअर आर्मचा मागचा बुश आणि टॉर्शन बीमचे बुश यांना अनेक दिशांनी वाकावं लागतं. तिथे कडक पॉलियुरेथेन घातलं की खड्ड्याचा मार सरळ सांगाड्यावर जातो. रोजच्या गाडीत मी तिथे रबरच ठेवेन.

जाड स्टॅबिलायझर बार घालायचा मोह होतो, तेव्हा एक गणित माहीत असावं. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरऐवजी २२ घेतला तर दिसायला फरक दोनच मिलिमीटरचा, पण बार सुमारे ४६ टक्के जास्त कडक. मागे असा बार लावला तर गाडी वळणात चपळ होते आणि ओल्या रस्त्यावर मागून सुटायलाही तयार होते. सराव नसलेल्या हातात ते देऊ नये. गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगांबद्दल मी फार लिहीत नाही. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, १६३ मिलिमीटर आहे, आणि आपले गतिरोधक तुम्ही पाहिलेच आहेत. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रावरचे तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून हटतील असे बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीही गाडीखाली वाकून बघते.

माझ्या गाडीत शेवटी दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, स्टॅबिलायझरचे बुश आणि अलाइनमेंट एवढंच झालं. हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घेतले. दिवाळीत आईला घेऊन तोच घाट उतरलो, आणि ती पाटण सोडल्यापासून पोफळीपर्यंत झोपली होती. मे महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी टाकतो तेव्हा जॉब कार्डवर पहिली ओळ मी स्वतः लिहून घेतो: खालून ऑइल मारू नये.